एकमताने मंजूर

अस्पृश्यता टिकली पाहिजे, असे विधिमंडळात उभे राहून म्हणणारा एकही पक्ष महाराष्ट्रात नाही. फुले, शाहू, आंबेडकर ही तीन नावे घेतल्याशिवाय कोणत्याही बाकावरचे भाषण पुढे सरकत नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी एकमताने केला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली एकमताने झाला. पण नामांतराचा ठराव झाल्यावर काही दिवसांतच मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या, आणि प्रत्यक्ष नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला; तेही ‘नामविस्तार’ नावाच्या तडजोडीने. सभागृहात विरोधात एकही मत नव्हते, मग सोळा वर्षे अडवून धरले कुणी?

डावे, उजवे आणि मधले अशी पक्षांची मांडणी आपण सवयीने करतो. हक्कांच्या कायद्यांपुरती तरी ती फारशी कामाची नाही, असे माझे मत झाले आहे. असा कायदा येतो तेव्हा फूट पक्षापक्षांत कमी आणि पक्षाच्या आत जास्त पडते. वर मुंबई-दिल्लीत विधेयक मांडणारे असतात. खाली गावात त्याच झेंड्याखाली, या विधेयकाची किंमत आपल्याला मोजावी लागणार म्हणून धुसफुसणारे असतात. ही फूट मतदानात उमटत नाही. ती कलमांच्या शब्दांत उमटते, ‘इच्छा असल्यास’सारख्या सवलतीत उमटते, खटले मागे घेण्याच्या फायलीत उमटते. आणि मतदानात ती उमटू नये, याची काळजी सगळे पक्ष मिळून घेतात.

हे पाहायला सोलापूर जिल्ह्याबाहेर जायचीही फारशी गरज नाही. आपल्या सांगोल्याहून पंढरपूर तीस-बत्तीस किलोमीटर, तिथून पुढे तासाभरात अकलूज. नागरी हक्कांच्या कायद्यांचा निम्मा इतिहास या टापूत घडला आहे.

पंढरपूरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण सहसा अर्धीच. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून उपोषण केले, १० मे रोजी ते सुटले, विठ्ठलाचे दार दलितांना उघडले. हे खरेच आहे. पण त्याआधी चौदा वर्षे हा प्रश्न कायदेमंडळांत घोळत होता, आणि तिथे कोण कुठे उभे होते हे पाहिले की झेंड्यांचे रंग एकमेकांत मिसळू लागतात. १९३३ साली सी. एस. रंगा अय्यर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मंदिरप्रवेशाचे विधेयक आणले. गांधीजी त्याच्या पाठीशी होते. बाबासाहेबांनी मात्र फेब्रुवारी १९३३ मध्ये निवेदन काढून पाठिंबा नाकारला. हे विधेयक अस्पृश्यतेला पाप म्हणत नाही आणि देऊळ उघडायचे की नाही हे बहुसंख्यांच्या कौलावर सोडते, हा त्यांचा आक्षेप होता. ज्याचा हक्क मारला गेला त्याचा हक्क मारणाऱ्यांच्याच मतदानावर ठरवायचा, यातला विनोद त्यांच्या लगेच ध्यानात आला होता. पुढे १९३४ च्या निवडणुका जवळ आल्या, काँग्रेसने हात आखडता घेतला, आणि अय्यरांनी काँग्रेसवर जळजळीत टीका करत विधेयक मागे घेतले. म्हणजे पहिल्या मंदिरप्रवेश विधेयकाला सनातन्यांचा विरोध होता, आंबेडकरांचा पाठिंबा नव्हता आणि ज्यांचा पाठिंबा होता त्यांना निवडणूक लढवायची होती.

मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि १९३८ साली कायदा झाला. विश्वस्तांना वाटले तर त्यांनी देऊळ हरिजनांना खुले करावे, तसे केल्यास रूढी आड येणार नाही, एवढेच त्या कायद्याचे सार. विश्वस्तांना वाटलेच नाही तर पुढे काही नाही. नाव कायद्याचे, काम विनंतीचे. माझ्या मते पक्षांतर्गत फुटीचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वच्छ दस्तऐवज आहे: सुधारकाला कायदा केल्याचे समाधान आणि त्याच पक्षाच्या कर्मठ मतदाराला काहीच न बदलल्याचे.

हिंदू महासभेचे दुखणेही हेच होते. रत्नागिरीत १९३१ साली पतितपावन मंदिर उभे करण्यात पुढाकार घेणारे सावरकर स्वतः अस्पृश्यतेच्या विरोधात होते, याबद्दल वाद नाही. पण महासभेचे अध्यक्ष झाल्यावर त्यांना सनातनी मंडळींना सोबत ठेवायचे होते, आणि जुन्या देवळांत प्रवेशासाठी कायद्याची सक्ती करणार नाही, असे आश्वासन त्यांनी दिले. माणूस तोच, मत तेच. पण पक्षाची गाठोडी डोक्यावर घेतली की चाल बदलते.

या पार्श्वभूमीवर १९४७ चा मे महिना पाहावा. गुरुजींचे उपोषण तनपुरे महाराजांच्या मठात चालू होते. समोर देवळाचे पुजारी बडवे होते, पण मुंबईत सरकार काँग्रेसचे होते आणि गुरुजीही काँग्रेसच्या मुशीतूनच आलेले समाजवादी. कायदा येतोच आहे, मग उपोषण कशाला, असा सूर खुद्द गांधीजींकडूनही आला; उपोषण थांबवावे अशी तार त्यांनी केली. गुरुजींनी ऐकले नाही. अखेर दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीने बडव्यांचे मन वळले. आंबेडकरी चळवळ या साऱ्यापासून बाजूला होती. १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा करून बाबासाहेब देवळाच्या पायरीपासून केव्हाच दूर गेले होते. पंढरपुरात त्या दहा दिवसांत ‘आत्ताच’, ‘कायद्याने, सवडीने’, ‘कधीच नाही’ आणि ‘आम्हाला त्याची गरज नाही’ अशा चार भूमिका होत्या, आणि पहिल्या तिन्ही भूमिकांची माणसे एकाच काँग्रेसच्या मांडवात सापडली असती.

त्याच वर्षी मुंबई प्रांताचा हरिजन मंदिरप्रवेश कायदा झाला. आता विश्वस्तांच्या इच्छेचा प्रश्न उरला नाही. देऊळ हिंदूंना खुले असेल तर ते हरिजनांनाही खुले, नाहीतर शिक्षा. उपोषणामुळे कायदा झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल, त्याची तयारी आधीच चालली होती. पण १९३८ ची विनंती १९४७ मध्ये आज्ञा झाली ती रस्त्यावर माणसे उतरल्यावर, हे विसरता येत नाही.

आणि मग आले अकलूज. या प्रकरणाबद्दल आपल्या जिल्ह्यात फार कुणी बोलत नाही. हरिजनांना जैन मंदिरात जायचा हक्क या कायद्याने मिळतो का, असा प्रश्न अकलूजच्या मंदिरावरून उभा राहिला. आचार्य शांतिसागर महाराजांनी कायद्याच्या विरोधात धान्यत्याग केला होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९५१ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या न्यायालयाने निकाल दिला: कायद्याने हरिजनाला इतर हिंदूंइतकाच हक्क दिला आहे; जैन मंदिरात शिरण्याचा हक्क इतर हिंदूंनाच नाही, तर तो हरिजनाला कुठून येणार? तर्क बिनचूक आहे. छागला काही सनातनी नव्हते. पण या तर्कातून जो दरवाजा दिसला, तो पुढची पंधरा वर्षे अनेकांनी ठोठावला. अहमदाबादच्या स्वामीनारायण पंथीयांनी आपण हिंदूच नाही, सबब कायदा आम्हाला लागू नाही, असा दावा केला. तो १९६६ साली सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी फेटाळला. दलिताला बाहेर ठेवण्यासाठी माणसे स्वतःच्या धर्माबाहेर पडायला तयार होती. इतका टोकाचा विरोध समाजात जिवंत असताना कायदेमंडळांत त्याचा प्रतिनिधी शोधून सापडत नाही, याचे मला नवल वाटते.

सरकारने फट बुजवली, हेही सांगितले पाहिजे. मुंबई राज्याने १९५६ साली नवा कायदा केला, त्यात जैन मंदिरेही आली आणि हक्क ‘हरिजनां’पुरता न ठेवता सर्व वर्गांना दिला. केंद्राच्या १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात मात्र त्याच धर्माच्या किंवा त्याच संप्रदायाच्या लोकांना जेवढा प्रवेश तेवढा, अशी भाषा होती. म्हणजे संप्रदायाच्या नावाखाली लपायला जागा होती. ती काढली १९७६ च्या दुरुस्तीने, आणि त्याच दुरुस्तीने कायद्याचे नाव ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ झाले. अंमल सुरू झाला १९ नोव्हेंबर १९७६ ला. देशात आणीबाणी होती, विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते आणि नागरिकांचे मूलभूत हक्क गुंडाळून ठेवलेले होते. ज्या संसदेने हे केले त्याच संसदेने हा चांगला कायदाही केला. उदारमतवादी मंडळींनी हा घास नीट चावून खावा.

महाराष्ट्राचा १९५६ चा कायदा पुढे साठ वर्षे पडून राहिला. मधल्या काळात काँग्रेस, पुरोगामी लोकशाही दल (पुलोद), युती, आघाडी सगळ्यांची सरकारे येऊन गेली. तो जागा केला विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या जनहित याचिकेने. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना बंदी होती. त्या कायद्यात ‘कोणताही वर्ग’ असे शब्द होते, आणि स्त्रिया हाही वर्गच. १ एप्रिल २०१६ रोजी उच्च न्यायालयाने हक्क मान्य केला, आठवड्याभरात चौथरा खुला झाला. दलितांसाठी लिहिलेले कलम स्त्रियांच्या कामी आले, आणि आणले ते कोणत्याही पक्षाने नव्हे.

अमेरिकेचे उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथला १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी झाला. विरोधातल्या २७ पैकी २१ जण राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, बहुतेक दक्षिणेतले. रिपब्लिकन सहाच, पण त्यांत बॅरी गोल्डवॉटर होते आणि त्याच वर्षी ते पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. निवडणूक ते सपाटून हरले, तरी आपल्या अ‍ॅरिझोनाखेरीज दक्षिणेतली पाच राज्ये जिंकून गेले. पुढच्या काही दशकांत दक्षिणेतला गोरा मतदार एका पक्षाकडून दुसऱ्याकडे सरकला. फूट तिथेही पक्षाच्या आतच होती. फरक एवढाच की तिथे प्रत्येक सिनेटरचे नाव आणि त्यापुढे त्याचे मत छापले गेले. त्यामुळे मतदाराला कळले की आपला माणूस कुठे उभा आहे, आणि त्यानुसार पक्ष बदलत गेले. आपल्याकडे ‘मंजूर’ एवढाच शब्द कामकाजात राहतो.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. सांगोल्याने गणपतराव देशमुखांना, आबासाहेबांना, अकरा वेळा विधानसभेवर पाठवले. पहिल्यांदा १९६२ मध्ये. शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) लाल बावटा इथे काँग्रेसच्या लाटांतही टिकला. या पक्षाचे जनक केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे सत्यशोधक परंपरेतले, आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधात पक्षाने मार्क्सवाद स्वीकारलेला. म्हणजे जातिभेदाविरुद्धचे विचारधन कमी नव्हते. डाव्यांचा युक्तिवाद असा होता की जमीन आणि मजुरीचा प्रश्न सुटला की जात मागोमाग ढिली होईल. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात डाव्यांनी साथ दिली ती याच समजुतीने, आणि ती साथ मोलाची होती.

पण रोजगार हमी आणि नामांतर शेजारी ठेवून पाहा. रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कामाचा कायदेशीर हक्क देणारा हा कायदा, तोही सगळ्या पक्षांच्या पाठिंब्याने. माणच्या काठच्या या दुष्काळी तालुक्याला त्याचे महत्त्व सांगायला नको. तिथले एकमत खरे होते, कारण मजुराला मजुरी मिळाली आणि शेतकऱ्याला बांध, पाझर तलाव, विहीर मिळाली. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून डाळिंबही मिळाले. पैसा बराचसा शहरातल्या व्यवसायकरातून आला. गावात कुणालाच काही सोडावे लागले नाही. देवळातला प्रवेश, विहिरीवरचे पाणी, विद्यापीठाचे नाव, वस्तीतल्या माणसाने फिर्याद नोंदवण्याचा अधिकार यांत मात्र एकाला हक्क मिळतो तेव्हा दुसऱ्याचा जुना मान जातो. तिथले एकमत कागदावरचे राहते.

१९७८ चा ठराव झाला तेव्हा शरद पवारांच्या पुलोद सरकारला शपथ घेऊन नऊ दिवस झाले होते. शेकाप त्यात सामील होता. गणपतराव आणि एन. डी. पाटील दोघे मंत्री होते. जनता पक्षही होता, म्हणजे पूर्वाश्रमीचे जनसंघवाले आणि समाजवादी दोन्ही. इतके रंग एका ठरावामागे! पण मराठवाड्यात शेकापचाही तेव्हा चांगला जोर होता, आणि गावातला शेतकरी कार्यकर्ता की आपलीच घोषणा, ही निवड त्या पक्षालाही करावी लागली, जशी काँग्रेसला आणि जनता पक्षाला. वर्गाच्या सिद्धान्तात जातीच्या दंगलीचे उत्तर तयार नव्हते. हे मी आबासाहेबांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. साधेपणा आणि निष्ठा यांचा तसा नमुना पुन्हा सहज मिळायचा नाही. पण ज्या माणसाला तालुक्याने अकरा वेळा निवडून दिले, त्याच्या पक्षाचा हिशेब मांडण्याचा अधिकारही तालुक्याचाच.

१९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा ही या सगळ्याची पुढची पायरी. तो राजीव गांधींच्या सरकारने केला आणि ३० जानेवारी १९९० पासून, व्ही. पी. सिंगांच्या काळात, लागू झाला. संसदेत कुणाला त्याचे वावडे नव्हते. ते दिसले १९९५ नंतर, जेव्हा शिवसेना-भाजप सरकारने मराठवाड्यातले या कायद्याखालचे शेकडो खटले मागे घ्यायचे ठरवले. कायदा रद्द करायला संसद लागते, उघड बोलावे लागते. खटला मागे घ्यायला गृहखात्याची फाईल पुरते. २०१६ साली मराठा मोर्चे निघाले तेव्हा कोपर्डीच्या निर्घृण गुन्ह्याबद्दलचा संताप आणि अ‍ॅट्रॉसिटीबद्दलची तक्रार एकाच निवेदनात आली. राज ठाकरेंनी कायदा रद्द करा म्हटले, शरद पवारांनी गैरवापराचा मुद्दा काढला आणि मग आपला विरोध कायद्याला नसल्याचा खुलासा केला. ‘गैरवापर’ हा तोच १९३८ चा ‘इच्छा असल्यास’ आहे. गैरवापर कुठेच होत नाही, असे मी म्हणत नाही. तो हुंडाबंदीपासून चेकच्या खटल्यापर्यंत सगळीकडे होतो. पण मोर्चे निघतात ते एकाच कायद्यावर.

मार्च २०१८ मध्ये कराडच्या एका प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालच्या अटकेआधी चौकशीची आणि मंजुरीची अट घातली. खंडपीठावर न्या. गोयल यांच्यासोबत मूळचे सोलापूरचे न्या. उदय लळित होते. २ एप्रिलला भारत बंद झाला, काही राज्यांत माणसे मेली. ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून ती अट उडवली, आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्यांत दोन वर्षांपूर्वी गैरवापरावर बोलणारे पक्षही होते. संसदेत मतदार राष्ट्रीय असतो, मोर्चात तालुक्याचा. पक्ष दोन्हीकडे हजर होते.

यावर एक आक्षेप येईल: मतांची नोंद झाली तर जातीय विरोध उघडपणे मांडायला लोक धजावतील; आज निदान लाजेने तरी सगळे ‘होय’ म्हणतात, ती लाजही जाईल. आक्षेपात दम आहे. सार्वजनिक लाज ही कमाई आहे, ती फुले-आंबेडकरांनी मिळवून दिली आहे. पण लाजेने दिलेले ‘होय’ गावात पोहोचेपर्यंत विरघळते, हे नामांतराने दाखवले. आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने तर व्हिप मोडून मत देणारा आमदार घरीच जाऊ शकतो. विरोधकाचा विवेकही पक्षाच्या मुठीत आणि सुधारकाचाही. अशा सभागृहात आवाजी मतदान म्हणजे जबाबदारीतून सुटण्याची सगळ्यांना मान्य असलेली सोय.

ताजे उदाहरण जनसुरक्षा विधेयकाचे. सरकारला संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार देणारे हे विधेयक नागरी स्वातंत्र्याच्या दृष्टीने १९७८ च्या ठरावाइतकेच वजनाचे. ते ज्या संयुक्त समितीपुढे गेले, तिच्यात विरोधी पक्षांचे सदस्य होते. लोकांच्या बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. १० जुलै २०२५ रोजी ते विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झाले. ठळकपणे विरोधात उभे राहिले ते डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. मत न देता विरोध केल्याचे समाधान मिळवण्याची ती रीतच आहे. सभागृहाबाहेर मात्र याच पक्षांनी कायद्याविरुद्ध कडक भाषणे केली.

सांगोल्याने २०२४ मध्ये पुन्हा शेकापचा आमदार निवडून दिला, आबासाहेबांचे नातू. त्यांचे, किंवा शेजारच्या पंढरपूर, माळशिरसच्या आमदारांचे त्या दिवशीचे मत कोणत्या बाजूला पडले, हे मतविभाजनाच्या नोंदीत पाहायला कुणी गेले तर हाती काही लागणार नाही. नोंदच झालेली नाही. सदस्याने आग्रह धरला तर मतविभाजन होऊ शकते, नियमांत त्याची सोय आहे. हक्क देणाऱ्या आणि हक्क काढून घेणाऱ्या प्रत्येक विधेयकावर ते सक्तीचे करावे आणि अशा विधेयकांपुरता व्हिप नसावा, एवढीच मागणी आहे. पुढच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून, झेंडा कोणताही असो, नाव नोंदवून मत देण्याचा शब्द सांगोल्याने घ्यावा.